चुकीचे तीन पर्याय

मुलाला शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बसवताना पालक एक शंका हमखास काढतात: "सर, चारपैकी एक गोल काळा करायचा, एवढ्यावरून पोराचा अभ्यास कसा कळणार? डोळे मिटून गोल केले तरी थोडे मार्क पडतातच ना?"

शंका रास्त आहे. तिचं उत्तर प्रश्नपत्रिका काढणाऱ्याच्या हातात असतं. बहुपर्यायी प्रश्न आळसानं काढला तर तो नुसता जुगार होतो. विचारपूर्वक काढला तर मुलाला काय येतं हे तो सांगतोच, शिवाय काय येत नाही आणि का येत नाही, हेही सांगतो.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या मध्य प्रदेशाकडच्या टोकाला असलेल्या बपेऱ्याचंच उदाहरण घेऊ. इथल्या मुलाची गाठ या प्रश्नांशी पडते ती शिष्यवृत्ती परीक्षेत, नवोदयच्या प्रवेश परीक्षेत, आठवीच्या एनएमएमएसमध्ये. पुढे नीट, सीईटी, पोलीस भरती, सगळीकडे तेच. हे पेपर बाहेर कुठेतरी निघतात, त्यावर गावाचा काही इलाज नाही. पण सराव चाचणी आणि घटक चाचणी वर्गातला शिक्षकच काढतो. हे प्रकरण त्या शिक्षकासाठी आहे, आणि वरची शंका काढणाऱ्या पालकासाठीही.

१. हा प्रकार आला कुठून?

शंभर वर्षांपूर्वी निबंधवजा उत्तरं तपासताना एक अडचण सगळीकडे होती. तीच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांकडे गेली की मार्क वेगवेगळे पडायचे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञानं १९१४-१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला एकच बरोबर उत्तर होतं आणि मुलानं फक्त खूण करायची होती. तपासणाऱ्याची आवडनिवड, अक्षराचं वळण, त्या दिवसाचा मूड, सगळं बाजूला पडलं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि लाखो सैनिकांची चाचणी घेण्यासाठी हीच पद्धत वापरली गेली. पेन्सिलची खूण यंत्रानं वाचण्याची युक्ती रेनॉल्ड जॉन्सन या शाळाशिक्षकाला सुचली. पेन्सिलच्या शिशातून वीज वाहते, या साध्या गोष्टीवर ती बेतलेली होती. आयबीएमनं १९३८ मध्ये त्यावरून तपासणीयंत्र बाजारात आणलं. आजची ओएमआर पत्रिका त्याच घराण्यातली, फक्त ती आता प्रकाशानं वाचली जाते.

म्हणजे हा प्रकार जन्माला आला तो तपासणी निःपक्षपाती आणि झटपट व्हावी म्हणून. मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते कळावं, ही अपेक्षा नंतरची. ती आपोआप पुरी होत नाही, त्यासाठी मेहनत लागते.

२. अंदाजानं किती मार्क पडतात?

पालकांची शंका आकड्यांत मांडू. शिष्यवृत्तीच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि १५० गुण असतात. चार पर्यायांतला कुठलाही एक डोळे मिटून निवडला तर सरासरी चारांत एक बरोबर येईल. म्हणजे सुमारे १९ प्रश्न आणि ३८ गुण.

हे ऐकून पालक चमकतात. पण दुसरी बाजूही पाहा. फक्त दहा प्रश्नांची चाचणी घेतली आणि मुलानं सगळे गोल अंदाजानं केले, तर आठ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता किती? दहा हजारांत जेमतेम चार. नशीब थोडे मार्क देतं, भरपूर देत नाही. आणि प्रश्न जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी.

काही परीक्षा चुकीला गुण कापतात. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीला १ जातो. चार अंदाजांपैकी एक बरोबर आला तर ४ मिळाले, तीन चुकले म्हणून ३ गेले. हाती राहिला १ गुण, चार प्रश्नांत मिळून. राज्याच्या सीईटीत असे गुण कापत नाहीत. वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्तीत तिसरीच युक्ती आहे: काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. चार पर्यायांतून दोनच्या जोड्या सहा होतात, त्यामुळे अशा प्रश्नात अंदाज लागण्याची शक्यता चारात एकवरून सहात एक अशी घसरते.

हे सगळे बाहेरून घातलेले बांध. अंदाजाला खरा आळा बसतो तो पर्यायांच्या दर्जानं, आणि तो बसवणं शिक्षकाच्या हातात आहे.

३. आधी प्रश्न पुरा करा

बहुपर्यायी प्रश्नाचे भाग तीन: प्रश्नाचा मजकूर, बरोबर पर्याय आणि चुकीचे पर्याय. या चुकीच्या पर्यायांना शिक्षणशास्त्रात विचलक म्हणतात.

पहिला नियम असा: पर्याय हातानं झाकले तरी प्रश्न कळला पाहिजे, आणि ज्याला येतं त्याला उत्तर देता आलं पाहिजे. हा प्रश्न पाहा:

वैनगंगा नदी –
(१) मध्य प्रदेशात उगम पावते
(२) भंडारा शहराजवळून वाहते
(३) हिच्यावर गोसीखुर्द धरण आहे
(४) वरील सर्व

पर्याय झाकले तर विचारलंय काय, तेच कळत नाही. हा प्रश्नच नाही, सुटी विधानं आहेत. शिवाय 'वरील सर्व'मुळे भलतंच होतं. ज्याला तीनांपैकी दोनच गोष्टी माहीत आहेत, तोही ओळखतो की दोन बरोबर म्हणजे चौथाच पर्याय. अर्धवट माहितीला पूर्ण गुण मिळतात. 'वरीलपैकी नाही' याचंही तसंच. तो बहुतेक वेळा चौथा पर्याय सुचला नाही म्हणून घातलेला असतो.

हाच धडा धरून प्रश्न असा करता येईल:

बावनथडी नदीचं पाणी शेवटी कोणत्या मोठ्या नदीतून समुद्राला मिळतं?
(१) गंगा
(२) गोदावरी
(३) तापी
(४) नर्मदा

बावनथडी वैनगंगेला मिळते. वैनगंगा आणि वर्धा एकत्र आल्या की प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीत जाते. उत्तर एका शब्दाचं असलं तरी मुलाला मनातल्या मनात नकाशा उलगडावा लागतो.

४. चुकीचे पर्याय आणायचे कुठून?

या प्रकरणात लक्षात ठेवायची गोष्ट एकच असेल तर ही: चुकीचा पर्याय शिक्षकाच्या कल्पनेतून येऊ नये, मुलांच्या चुकीतून यावा.

नदीच्या प्रश्नातले चुकीचे पर्याय पुन्हा पाहा. गंगा हे उत्तर येतं ते 'वैनगंगा' या नावाला भुलून. नर्मदा निवडणारा मुलगा 'पलीकडे मध्य प्रदेश, तिथली मोठी नदी नर्मदा' असा हिशेब करतो. तापी निवडणाऱ्याला पश्चिम विदर्भातली पूर्णा आठवत असते, ती तापीलाच मिळते. प्रत्येक चुकीमागे काहीतरी विचार आहे. इथे नर्मदेऐवजी 'थेम्स' ठेवली असती तर तिला कुणीच हात लावला नसता. म्हणायला पर्याय चार, प्रत्यक्षात तीन.

गणितात हे आणखी स्वच्छ दिसतं.

१/२ + १/३ = ?
(१) १/६
(२) २/६
(३) २/५
(४) ५/६

बरोबर उत्तर ५/६. समजा तीस मुलांच्या वर्गात ११ जणांनी ते दिलं. नुसतं 'एकोणीस जण चुकले' एवढं कळून शिक्षकानं करायचं काय? पुन्हा पूर्ण धडा शिकवायचा? पण पर्याय चुकांवरून बेतले असतील तर पुढचं चित्र दिसतं. १२ जणांनी २/५ निवडलं: ते अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, म्हणजे अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच त्यांना उमगलेलं नाही. ६ जणांनी २/६ निवडलं: त्यांनी समान छेद काढला, पण अंश बदलायचे राहून गेले. एकानं १/६ निवडलं: त्यानं बेरजेऐवजी गुणाकार केला, कदाचित घाईत. आता उद्याच्या तासाला कुणाला काय सांगायचं ते ठरवता येतं. बारा जणांना भाकरीचे तुकडे करून दाखवावे लागतील, सहा जणांना एक पायरी आठवून द्यावी लागेल, एकाला 'चिन्ह नीट बघ' एवढं पुरे.

अशा चुका गोळा करण्याचा मार्ग सोपा आहे. पर्याय देण्याआधी तोच प्रश्न एकदा नुसता फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीत सोडवू द्या. वह्या तपासताना ज्या तीन चुका वारंवार दिसतील, तेच तुमचे विचलक. बाजारातल्या सराव पुस्तकात हे मिळत नाही, कारण ते पुस्तक तुमच्या वर्गात बसलेलं नसतं.

तीन चांगल्या चुका मिळाल्याच नाहीत तर? मग दोनच ठेवा. अमेरिकी संशोधक मायकेल रॉड्रिग्झ यांनी २००५ मध्ये या विषयावरच्या ऐंशी वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. एक बरोबर आणि दोन दमदार चुकीचे, असे तीन पर्याय बहुतेक ठिकाणी पुरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. बोर्डाच्या किंवा परीक्षा परिषदेच्या नमुन्याचा सराव घ्यायचा असेल तर चार हवेतच. घटक चाचणीत मात्र चौथा भरतीचा पर्याय शोधत बसायची गरज नाही.

५. उत्तर फुटतं कुठे?

पेपर फुटण्याची बातमी होते. प्रश्नाच्या आतूनच उत्तर फुटतं, तेव्हा कुणाला पत्ता लागत नाही. त्याच्या नेहमीच्या जागा अशा.

मराठीचं लिंग. हे वाक्य पाहा: 'पोलाद बनवताना लागणारं ____ तुमसर तालुक्यातल्या खाणींतून निघतं.' पर्याय: कोळसा, चुनखडी, मँगनीज, अभ्रक. 'लागणारं' आणि 'निघतं' म्हटल्याबरोबर कोळसा आणि चुनखडी बाद झाले, कारण कोळसा निघतो आणि चुनखडी निघते. खाणीचा गंध नसलेल्या मुलालाही आता दोनांतून एक निवडायचं आहे. उपाय सोपा: 'पोलाद बनवताना लागणारं कोणतं खनिज तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या खाणींतून काढलं जातं?' आता क्रियापद 'खनिज' या शब्दाप्रमाणे चालतं आणि कुठलाच पर्याय व्याकरणानं गळत नाही.

लांबी. बरोबर उत्तर चुकू नये म्हणून शिक्षक त्याला अटी, कारणं, खुलासे जोडत जातात आणि चुकीचे पर्याय दोन शब्दांत उरकतात. मुलं हे फार लवकर हेरतात. सर्वांत लांब पर्याय ठोकायचा, हा सराव वर्गात तयार झालेला बिनचूक मंत्र आहे.

जागा. काहीही विचार न करता पेपर काढला तर बरोबर उत्तर मधल्या दोन जागांवर जास्त वेळा पडतं, हे २००३ मध्ये इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी दाखवलं. उत्तर पहिलंच ठेवलं तर फार उघड वाटतं, शेवटी ठेवलं तरी तसंच, असं माणसाला वाटत असतं. यावर तोडगा म्हणजे आकडे चढत्या क्रमानं आणि शब्द वर्णानुक्रमे लावायचे. वरच्या नद्या आणि अपूर्णांक तसेच लावले आहेत.

'नेहमी', 'कधीच', 'फक्त'. असे शब्द असलेलं विधान बहुधा चूक असतं आणि 'साधारणपणे', 'बहुतेक' असलेलं बहुधा बरोबर. मुलाला विषय नाही आला तरी हे येतं.

नकार. 'खालीलपैकी कोणतं विधान असत्य नाही?' या प्रश्नात विज्ञान तपासलं जात नाही, मुलाचा दम तपासला जातो. नकारार्थी प्रश्न टाळा. टाळता येत नसेल तर 'नाही' ठळक छापा, आणि पर्यायांत दुसरा नकार येऊ देऊ नका.

६. पाठांतराच्या पुढे

'बहुपर्यायी प्रश्नात पाठांतरच चालतं,' ही तक्रारही नेहमीची. तीही प्रश्न काढणाऱ्यावर अवलंबून आहे. 'घनता म्हणजे काय?' असं विचारलं तर पाठ केलेली व्याख्याच परत येणार. पण भंडाऱ्याच्या मुलाच्या घरी घनता दरवर्षी जूनमध्ये बादलीत दिसते. पेरणीआधी बरेच शेतकरी धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, असं प्रमाण कृषी विभाग सांगतो. पोचट दाणे वर येतात, ते काढून टाकायचे. तळाशी बसलेले भरीव दाणे साध्या पाण्यानं धुऊन पेरायचे.

यावर घाईत काढलेला प्रश्न असा होतो:

धानाचं बियाणं निवडताना मिठाचं पाणी का वापरतात?
(१) कीड मरते
(२) मिठाच्या पाण्याची घनता साध्या पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे साध्या पाण्यात बुडणारे अर्धवट भरलेले दाणेही त्यात वर येतात
(३) चव येते
(४) वरीलपैकी नाही

लांबीनं उत्तर फुटलं, तिसरा पर्याय विनोदी आहे, चौथा भरतीचा. त्यातून पहिला पर्याय अगदीच खोटा आहे का, यावर एखादा चौकस विद्यार्थी वाद घालू शकेल. पुन्हा काढू:

साध्या पाण्यात बुडणारे काही धानाचे दाणे मिठाच्या पाण्यात तरंगतात. याचं कारण काय?
(१) मिठामुळे दाणे हलके होतात
(२) मिठामुळे दाण्यांत हवा भरते
(३) मिठामुळे पाण्याची घनता वाढते
(४) मिठाचे कण दाण्यांना वर ढकलतात

आता सगळे पर्याय एका मापाचे झाले. पहिले दोन पर्याय निवडणारं मूल बदल दाण्यात झाला असं समजतं, खरा बदल पाण्यात झाला आहे. चौथा पर्याय निवडणाऱ्याला मीठ विरघळतं म्हणजे काय, ते पुन्हा दाखवायला हवं. व्याख्या कुठेच विचारली नाही, तरी ती समजल्याशिवाय उत्तर येत नाही.

७. प्रश्न मुलाच्या भाषेत आहे का?

तुमसर तालुक्यातल्या वर्गात कुणाच्या घरी झाडीबोली असते, कुणाच्या घरी पोवारी, कुणाच्या घरी हिंदी. 'विरारहून सुटलेली जलद लोकल' असं गणित त्यांच्यापुढे ठेवलं तर मूल वेग-वेळेच्या आधी लोकलपाशीच अडखळतं. गाडी तुमसर रोडहून तिरोडीला सोडा, गणित तेच राहतं. धानाच्या 'रोवणी'ऐवजी पुस्तकातली 'लावणी' घातली तर काही मुलं नाचाच्या वाटेला जातात. परीक्षेत तो शब्द येणारच असेल तर तो आधी वर्गात ओळखीचा करून द्या. विज्ञानाच्या प्रश्नात मराठीची परीक्षा चोरून घेऊ नका.

८. आता प्रश्नाचीच परीक्षा

चाचणी झाली की आपण मुलांना मार्क देतो. प्रश्नालाही द्यावेत. दोन आकडे पुरेत.

पहिला आकडा सोपेपणाचा. तीस मुलांपैकी १८ जणांना आलं तर १८ ÷ ३० = ०.६. सगळ्यांना आलं तर १, कुणालाच नाही तर ०. पेपरात सगळ्या तऱ्हेचे प्रश्न हवेत, पण ०.२५ च्या आसपासचा प्रश्न दिसला तर सावध व्हा, कारण तेवढे तर अंदाजानंही येतात.

दुसरा आकडा भेदन मूल्याचा. उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार लावा, वरच्या दहा आणि खालच्या दहा वेगळ्या काढा. एखाद्या प्रश्नाला वरच्यांपैकी ८ जणांनी बरोबर उत्तर दिलं आणि खालच्यांपैकी ३ जणांनी, तर (८ − ३) ÷ १० = ०.५. हा प्रश्न मिठाच्या पाण्याचं काम करतो, भरीव आणि पोचट वेगळं काढतो. दुसऱ्या प्रश्नात वरचे ४ आणि खालचे ७ बरोबर आले तर उत्तर −०.३ येतं. हुशार मुलं चुकतात आणि कच्च्या मुलांचं उत्तर बरोबर येतं, तेव्हा दोष मुलांचा नसतो. उत्तरसूची चुकलेली असते, किंवा दुसराही एक पर्याय बरोबर ठरू शकतो आणि तो फक्त खोलात जाणाऱ्या मुलाला दिसतो. असा प्रश्न रद्द करून सगळ्यांना त्याचे गुण द्यावेत.

मोठ्या परीक्षांत वरचे आणि खालचे २७-२७ टक्के घेण्याचा प्रघात आहे. तीस मुलांच्या वर्गात एक तृतीयांश घेतले तरी भागतं. चांगला ठरलेला प्रश्न एका कार्डावर उतरवा, मागे त्याचे दोन आकडे लिहा. दोन-तीन वर्षांत शाळेची स्वतःची प्रश्नपेढी उभी राहते.

९. पेपर झाल्यावर

या प्रकाराचा एक धोका फारसा बोलला जात नाही. चुकीचा पर्याय वाचून, निवडून, मूल तोच खरा समजून घरी जातं. रोडिगर आणि मार्श या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं: बहुपर्यायी चाचणीनं एकंदर स्मरण सुधारतं, पण काही चुकीची उत्तरंही डोक्यात घर करतात. विचलक जितका दमदार, तितका हा धोका मोठा. म्हणून चाचणीनंतर शक्य तितक्या लवकर, जमल्यास त्याच दिवशी, प्रत्येक प्रश्नाचं बरोबर उत्तर आणि बाकीचे पर्याय का चूक, हे वर्गात बोललंच पाहिजे. त्या बोलण्याशिवाय चाचणी अर्धीच.

आणि जे या प्रश्नांनी तपासता येत नाही, ते तपासायला जाऊ नका. परिच्छेद लिहिणं, आकृती काढणं, प्रयोग हातानं करणं, मुद्दा पटवून देणं, यांना गोल पुरत नाही. ते वहीत, फळ्यावर आणि तोंडी.

करून पाहा

पुढच्या प्रश्नातले दोष शोधा आणि तो नव्यानं काढा.

भंडारा जिल्ह्याचं विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला –
(१) १९९५ साली
(२) १ मे १९९९ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी
(३) अजून झालाच नाही
(४) वरीलपैकी नाही

दोष: बरोबर पर्याय सर्वांत लांब आणि एकटाच तपशिलाचा. तो मधल्या जागेवर. तिसरा पर्याय थट्टेचा, चौथा भरतीचा. १९९५ हे साल कुठल्याच चुकीतून आलेलं नाही.

एक सुधारित रूप: 'भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा कोणत्या वर्षी वेगळा झाला?' पर्याय १९६०, १९८२, १९९९, २०१४. यात १९६० निवडणारं मूल राज्याची स्थापना आणि जिल्ह्याची स्थापना यांत गल्लत करतं, कारण दोन्हींची तारीख १ मे. १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर. उद्या उत्तरपत्रिका हातात आल्या की कुणाची गल्लत कुठे झाली ते चुकीच्या गोलावरूनच वाचता येईल.